ओढ्याचाही एक वाटा

आम्ही तुंगार्लीच्या बाया बोलतोय. माईकसमोर एकच जण बसलीय, पण जे सांगायचं ते गटातल्या सगळ्यांनी मिळून ठरवलंय, म्हणून आम्ही 'आम्ही' म्हणतोय.

मृग आठवड्यावर आलाय. राब भाजून झाले, सरपण आत घेतलं, कौलं चाळली, ज्यांच्याकडे पत्रा आहे त्यांनी पत्र्यावर दगड ठेवले. आता सगळ्यांचे डोळे आभाळाकडे लागलेत. आणि खरं सांगायचं तर भाताच्या पेरणीइतकीच आम्ही आणखी एका गोष्टीची वाट बघतोय. वलगणीची.

ज्यांच्याकडे हा शब्द नाही त्यांच्यासाठी सांगतो. पहिला मोठा पाऊस झाला, कोरडे ओढे धो धो वाहायला लागले, की खालच्या डोहातले, धरणातले मासे पाण्याच्या उलट वर चढतात. पोटात अंडी असतात. ती ओढ्याच्या उथळ पाण्यात, भाताच्या खाचरात, गवताच्या मुळाशी टाकायची असतात. म्हणून ते जिवाच्या आकांतानं वर येतात. याला आमच्याकडे वलगण म्हणतात. कोकणात आणि कोल्हापूरकडे चढणीचे मासे म्हणतात. नाव वेगळं, गोष्ट एकच.

आमची तुंगार्ली लोणावळ्याच्या उत्तरेला, राजमाचीच्या वाटेवर. वरच्या अंगाला तुंगार्लीचं धरण, खालच्या अंगाला टाटांचं वळवण धरण. वर्षाला सरासरी ४००० मिलिमीटरच्या वर पाऊस. चार महिने आभाळ खाली उतरून घरातच बसल्यासारखं असतं. अशा ठिकाणी मासा आणि खेकडा हे काही चैनीचं खाणं नव्हे. पावसाळ्यात बाजार लांब, हाताला रोजगार कमी, भाजी महाग. तेव्हा ओढ्यानंच आमची चूल चालवली.

लहानपणची वलगण आम्हा सगळ्यांना आठवते. संध्याकाळी पाऊस जरा थांबला, की आत्या हाक मारायची, 'पोरींनो, चला गं!' चुलते जाळं घेऊन पुढे, मामा कामट्यांचा सापळा खांद्यावर टाकून मागे, आम्ही पोरी टोपल्या आणि कंदील घेऊन त्यांच्यामागे. डोक्यावर इरलं, पायात काही नाही. शेजारच्या वाडीतल्या मैत्रिणी बांधावर भेटायच्या. खाचराच्या बांधाला जिथं पाणी फुटलेलं असायचं तिथं मासे अक्षरशः उड्या मारायचे. झिंगे, शिंगटी, खवली, मधेच एखादी वाम. शिंगटीचा काटा बोटात घुसला की रडू यायचं, पण हसणारे जास्त असायचे, म्हणून रडू गिळावं लागायचं.

घरी आल्यावर आजी मासे राखेत घोळून दगडावर घासायची. हळद, मीठ, आमसूल, ठेचलेला लसूण लावून तव्यावर टाकायची. सोबत तांदळाची भाकरी. बाहेर पाऊस, आत चुलीची धग, आणि दहा-बारा माणसं एका घरात. आमचा सण तोच होता.

आर्द्रा लागली की खेकड्यांचा हंगाम. उन्हाळाभर बिळात दडून बसलेली खेकडी पावसानं बाहेर पडतात. रात्री बत्ती घेऊन गेलं की उजेडाला खेकडा जागच्या जागी थबकतो. मागून पाठीवर बोट दाबून उचलायचा, नांग्या जपायच्या. आखाडात माहेरी आलेल्या लेकीला खेकड्याचा रस्सा नाही मिळाला तर ती रुसायचीच. बारीक पाय पाट्यावर वाटून, त्याचं पाणी गाळून रश्श्यात घालायचं. त्यानं रस्सा दाट होतो. हे ज्याच्या त्याच्या सासूनं शिकवलेलं. पुढे श्रावण लागला की जाळी वळचणीला टांगायची. थेट गणपती-गौरी झाल्यावर, पाणी निवळल्यावर, पुन्हा डोहावर गळ टाकायला जायचं.

आता शिकारीचं सांगतो. आमच्या आजोबांच्या काळी गावची माणसं हिवाळ्यात आणि होळीच्या सुमारास रानात शिकारीला जायची. काहीजण हाकारे घालायचे, काहीजण दबा धरून बसायचे, कुत्री बरोबर असायची. ससा, भेकर, रानडुक्कर जे मिळेल ते. ते दिवस आम्ही पाहिले नाहीत, पण आजीकडून ऐकले. आजीला शिकारीच्या बहादुरीचं काही कौतुक नव्हतं. ती सांगायची ती वाट्याची गोष्ट. शिकार गावात आली की तिचे वाटे पडायचे. ज्यानं मारली त्याला एक जादा वाटा. हाकाऱ्यांना वाटा. कुत्र्याचा वाटा. आणि जी घरी एकटी आहे, जिचा नवरा वारलाय, जिच्या घरचं कुणीच रानात गेलं नव्हतं, तिच्या दारातही पानावर वाटा पोचायचा. आजी म्हणायची, 'वाटा न टाकता खाल्लेलं अंगी लागत नाही.'

ती शिकार आता बंद आहे आणि ती बंद आहे तेच बरं आहे. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. ससा असो, भेकर असो, रानडुक्कर, घोरपड, साळिंदर किंवा मोर, रानातलं जनावर मारणं हा गुन्हा आहे. नुसता दंड होऊन सुटत नाही, तुरुंगही होतो. मैत्रिणींनो, हे घरातल्या तरण्या पोरांना नीट सांगा. मोबाइलवर फोटो टाकायच्या नादात पोरं अडकतात आणि मग कोर्टाच्या चकरा आईला माराव्या लागतात. रानडुकरानं भात, भुईमूग उकरला तर फासे लावू नका, तारेत करंट सोडू नका. त्यात आपलीच माणसं आणि गुरं मेलीत. वनखात्याकडे लगेच तक्रार करा, पंचनामा करून घ्या. नुकसानभरपाईची तरतूद आहे, फक्त अर्जाला उशीर करायचा नाही.

शिकार गेली. राहिला मासा आणि खेकडा. तोही जातोय की काय अशी वेळ आमच्यावर आली, तेच आज सांगायला आलोय.

काही वर्षांपूर्वी भर वलगणीत आम्ही ओढ्यावर गेलो, तर पाणी पांढुरकं दिसलं. वास येत होता. डोहाच्या कडेला मासे पोट वर करून तरंगत होते. मोठे, बारीक, बोटाएवढी पिल्लं, बेडूक, दिवड, सगळं. कुणीतरी रात्री वर औषध टाकलं होतं आणि मोठे मोठे मासे वेचून बाकी सगळं तसंच सोडून गेलं होतं. आमच्या गटातल्या एकीच्या म्हशीनं दोन दिवस त्या पाण्याला तोंड लावलं नाही. जनावराला कळलं, माणसाला कळलं नाही. एका घरी तेच मासे फुकट मिळाले म्हणून शिजवले आणि रात्रभर पोरांना उलट्या झाल्या. पोरं वाचली. पण त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी त्या ओढ्याला वलगण आलीच नाही. आम्ही टोपल्या घेऊन गेलो आणि रिकाम्या टोपल्या घेऊन परत आलो. सोबत लेकरं होती. एकीच्या पोरीनं विचारलं, 'आई, मासे कुठं गेले?' आमच्यातल्या कुणालाच उत्तर देता आलं नाही.

त्यानंतरच्या गटाच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला आणि मग हा विषय निघाला. आम्ही रागात होतो. आमच्यातल्या बऱ्याचजणी म्हणाल्या, दोन वर्षं ओढ्यावर कुणीच जायचं नाही. मासा नाही, खेकडा नाही. सरसकट बंदी.

तेव्हा आमच्यात बसलेली एक कातकरी बहीण उठली. ती कमी बोलते. ती म्हणाली, 'बाई, तुमचा तो आखाड आहे, आमचं ते पोट आहे. तुम्ही खेकडा खाल्ला नाही तर तुमचं काय जातं? मी खेकडा विकला नाही तर माझ्या घरी तेल-मीठ येत नाही.'

आम्ही गप्प झालो. तिचं खरं होतं. पावसाळ्यात मुंबई-पुण्याची माणसं लोणावळ्याला येतात. त्यांच्यासाठी रस्त्याच्या कडेला खेकडी बांधून घेऊन बसणाऱ्या कातकरी आणि ठाकर बाया तुम्ही पाहिल्या असतील. वीटभट्ट्या पावसात बंद, शेत स्वतःचं नाही. ते चार महिने त्या खेकड्यांवर निघतात. औषध टाकणारे ते नव्हेत. ओढ्याचं त्यांच्याइतकं कुणी जाणत नाही. आणि आम्ही मात्र त्यांना न विचारता त्यांच्या ताटावर बंदी घालायला निघालो होतो.

मग आम्ही तिलाच विचारलं, तू सांग, काय करायचं? आणि तिनं जे सांगितलं ते आम्हाला आजीच्या वाट्यासारखं वाटलं. ती म्हणाली, 'सगळं घ्यायचं नाही. ओढ्याचा वाटा ओढ्याला ठेवायचा.' आमची आई-आजीसुद्धा हेच करत होती, फक्त आम्ही ते विसरलो होतो.

त्या दिवशी आम्ही पाच गोष्टी ठरवल्या. त्या आता सांगतो. जमलं तर लिहून घ्या.

पहिली गोष्ट. पहिल्या मोठ्या पुराच्या दोन रात्री जाळं टाकायचं नाही. अंडी भरलेले मासे त्याच रात्री सगळ्यात जास्त चढतात. त्यांना वर जाऊ द्यायचं. एका मासळीच्या पोटात हजारो अंडी असतात. ती आज तव्यावर गेली तर पुढच्या वर्षीचा हंगाम तव्यावर गेला.

दुसरी गोष्ट. जाळं किंवा सापळा ओढ्याच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत आडवा लावायचा नाही. अर्धा ओढा माशाला मोकळा ठेवायचा. आणि मच्छरदाणीचं कापड जाळं म्हणून वापरायचं नाही. त्यात बोटाएवढं पिल्लूही सुटत नाही.

तिसरी गोष्ट खेकड्याची. खेकडा उलटा करून बघायचा. पोटावर दुमडलेली पट्टी असते. ती अरुंद असेल तर नर, रुंद पसरट असेल तर मादी. मादीची पट्टी जरा उचलून बघा. आत अंडी किंवा मोहरीएवढी पिल्लं चिकटलेली दिसली तर तिला तिथंच सोडायचं. आपल्या ओढ्यातली खेकडी पिल्लं पाण्यात सोडून देत नाही. अंड्यातून बाहेर आल्यावरही काही दिवस पोटाशी धरून हिंडवते. आम्ही आया आहोत, हे आम्हाला वेगळं सांगावं लागलं नाही.

चौथी गोष्ट. औषध नाही, पावडर नाही, सुरुंग नाही, बॅटरीचा करंट नाही. ही काही आमचीच अक्कल नाही. पाण्यात स्फोट करून किंवा विष टाकून मासे मारायला या देशात १८९७ सालच्या कायद्यापासून बंदी आहे. म्हणजे आमच्या पणजीच्या काळापासून. कुणी करताना दिसलं तर एकटीनं भांडायचं नाही, चौघी-पाचजणींनी मिळून जायचं आणि पोलीस पाटलाला, नाहीतर पोलीस ठाण्याला कळवायचं.

पाचवी गोष्ट. ज्या घराचं पोट ओढ्यावर आहे, त्या घराचा वाटा आधी. आम्ही चवीसाठी जाणाऱ्या बायांनी आठवड्यातून एकदाच जायचं. बाकीचे दिवस त्यांचे. आम्हाला खेकडी हवी असतील तर त्यांच्याकडून विकत घ्यायची, आणि शहरी माणसासारखी घासाघीस करायची नाही.

कायद्याचीही एक गोष्ट त्या निमित्तानं आम्हाला कळली, ती आदिवासी मैत्रिणींनी जरूर लक्षात ठेवावी. २००६ चा वनहक्क कायदा आहे. त्यात जंगलात राहणाऱ्या आदिवासी आणि इतर पारंपरिक कुटुंबांना तिथल्या पाण्यातले मासे आणि इतर उत्पन्न घेण्याचा सामूहिक हक्क मागता येतो. शिकारीचा हक्क मात्र त्यात नाही, तसं स्पष्ट लिहिलंय. आणि त्याच कायद्यानं ग्रामसभेला आपलं रान, पाणी, प्राणी जपण्याचा अधिकार दिलाय. म्हणजे घेणं आणि जपणं दोन्ही एकाच कागदावर आहे. आपल्या ग्रामसभेत हे विचारा.

कुणी म्हणेल, या नव्या गोष्टी कशाला? पण मैत्रिणींनो, यात नवं काही नाही. समुद्रावरचे कोळी बघा. १ जून ते ३१ जुलै सरकार मोठ्या होड्यांची मासेमारी बंद ठेवतं. पण त्याच्या कितीतरी आधीपासून कोळी लोक पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला ओढतात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्यावरच पुन्हा पाण्यात जातात. महाडजवळ वाळणकोंड म्हणून डोह आहे. तिथल्या माशांना देवाचे मासे मानतात, कुणी धरत नाही, उलट खायला टाकतात. आपलं श्रावण पाळणंही तसंच. ज्यानं कुणी हे घालून दिलं, त्याला मासा पुढच्या वर्षीही हवा होता.

आमच्या वळवणलाच बघा. टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात १९७० च्या दशकापासून महाशीर माशाची पिल्लं वाढवून पाण्यात सोडली जातात. हा आपल्या नद्यांचा मोठा मासा. साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं पुण्याच्या मुळा-मुठेतल्या या माशाची १८३९ साली नोंद केली, तेव्हा इथल्या लोकांच्या तोंडचं 'खुद्री' हेच नाव त्याला दिलं. आजही जगभरच्या शास्त्रज्ञांच्या वहीत ते नाव आहे. आपलं नाव जगात राहिलं आणि मासा मात्र आपल्याच ओढ्यातून गेला, असं होऊ नये.

आता जिवाच्या काळजीचं. मासा पुढच्या वर्षी मिळेल, माणूस मिळणार नाही. जून २०२४ च्या शेवटच्या दिवशी आमच्याच लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यातून एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्यात लहान लेकरं होती. डोंगरावर पाऊस पडलेला खाली दिसत नाही, पण पाणी येतं. ओढ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, पाला-काटक्या वाहत आल्या, वरून घरघर ऐकू आली, की जाळं टाकून द्या आणि काठावर या. जाळं पुन्हा विणता येतं. एकटीनं जाऊ नका. रात्री लेकरांना पाण्यात उतरवू नका. बिळात हात घालण्याआधी बत्तीनं बघा, खेकड्याच्या बिळात साप असतो. साप चावला तर मांत्रिक नको, थेट सरकारी दवाखाना.

तुम्ही विचाराल, मग वलगण परत आली का? आली. पहिल्या वर्षी थोडी. मागच्या वर्षी बरी. आमच्या आयांनी पाहिली तेवढी नाही. सगळे नियम पाळतात असंही नाही. मागच्या वर्षीच ओढ्यात मच्छरदाणी लावलेली सापडली. ती आम्ही सोडवून घेतली, आणि लावणाऱ्याच्या आईनंच त्याला पुढच्या बैठकीत आणून बसवलं. एका पुरुषानं आम्हाला सुनावलं, 'ओढा काय बायांच्या बापाचा आहे का?' आम्ही म्हणालो, 'नाही दादा, आमच्या लेकरांचा आहे.' आता त्याची बायको आमच्या गटात आहे.

मागच्या आखाडात आम्ही त्याच पोरीला घेऊन ओढ्यावर गेलो. आता ती मोठी झालीय. तिनं एक खेकडी धरली, उलटी केली, पट्टी उचलून बघितली. पोटाशी पिल्लं होती. तिनं आमच्याकडे बघितलं. आम्ही काहीच बोललो नाही. तिनंच ती हळूच दगडाखाली सोडली आणि म्हणाली, 'हा ओढ्याचा वाटा.' त्या रात्री रस्सा जरा पातळ झाला, पण कुणी तक्रार केली नाही.

मैत्रिणींनो, मृगाच्या आधी तुमच्या गटाची एक बैठक घ्या. तुमच्या ओढ्यावर कुणाचं पोट आहे, त्या बाईला आधी बोलू द्या. तिचं ऐकून मग नियम ठरवा. नियम पाच नको, दोनच करा, पण पाळा. आणि पहिला पाऊस झाला की लेकरांना घेऊन बांधावर उभ्या राहा. हातात टोपली नको. नुसतं बघा, मासे कसे वर चढतात ते. दोन रात्रींनी टोपली घेऊन जायचंच आहे.

येतो आम्ही. पाऊस चांगला होवो, सगळ्यांच्या चुली पेटत्या राहोत. रामराम.